बिअरच्या स्टील केगची भट्टी: गवती चहाचं तेल काढायचंय, कुणी केलंय का?

रानवाट_खानापूर
नमस्कार मंडळी. जांबोटीच्या अलीकडं आमचं रान हाय. दोन वर्षं झाली, वरच्या मुरमाड तुकड्यात आणि बांधावर गवती चहा लावलाय. कारण सरळ हाय, रात्रीचे गवे येतात आणि भात नाचणी तुडवून खाऊन जातात, पण आमच्याकडं तरी गवती चहाला त्यांनी अजून तोंड लावलेलं नाही. आता ते गवत कमरेएवढं झालंय. चहात टाकून टाकून किती टाकणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेंढ्या वाटून झाल्या, बाजारात जुडीला मिळतात त्या पैशात जायचा यायचा पेट्रोलचा खर्चपण निघत नाही. म्हणून तेल काढायचं डोक्यात आलंय.

५० लिटरचा स्टीलचा बिअरचा केग, म्हणजे पिंप, मिळालाय, जाड पत्रा, वर दोन इंचाचं तोंड, दोन्ही बाजूला धरायला कडा. त्याची वाफेची भट्टी करायची म्हणतोय. तोंड कसं उघडायचं, वरची नळी तांब्याची घ्यावी का स्टीलची, आणि एका घाण्यात तेल किती निघेल, एवढं कुणी अनुभवानं सांगितलं तर उपकार होतील. फोटोवरनं बघून करण्यापेक्षा आपल्या भागातल्या माणसानं सांगितलेलं बरं.

उद्यमबाग_टर्नर
भावा आधी हातातला ग्राइंडर खाली ठेव. बाकी सगळं नंतर.

केग रिकामा दिसला तरी आत गॅसचं प्रेशर असतं. मधोमध जी उभी नळी असते ती स्प्रिंगवर बसवलेली असते, वरची रिंग काढली की प्रेशरसकट बंदुकीच्या गोळीसारखी वर येते, तोंड वर असलं तर तोंडावरच. आधी वरचा व्हॉल्व्ह लांबून दाबून, तोंड दुसरीकडं करून, सगळा फुस्स आवाज थांबेपर्यंत हवा सोडायची. दुसऱ्या दिवशी परत दाबून बघायचं. मगच रिंगला हात लावायचा. मी लेथवर तीस वर्षं काढली, मशीनची कधी भीती वाटली नाही, पण प्रेशरच्या भांड्याची अजून वाटते.

दुसरं, केग तुझा हाय का? म्हणजे वर कंपनीचं नाव ठोकलेलं असतं, तो डिपॉझिटवर फिरणारा माल असतो, भंगारवाल्यानं दिला म्हणून आपला होत नाही.

रानवाट_खानापूर
@उद्यमबाग_टर्नर काका, बरं झालं सांगितलासा, मी रविवारी कापायलाच बसणार होतो. केगचं बिल हाय, कंपनीनंच काढून टाकलेल्यातला, कागद जपून ठेवलाय.

चंदगडी_काजू
शीर्षक वाचून मला वाटलं काजूचा विषय निघाला 😀 आमच्या चंदगडकडनं तिलारीचा घाट उतरला की गोवा, तिकडं मामाच्या गावाला लहानपणी मे महिन्यात बघितलेलं अजून डोळ्यासमोर हाय. बोंडं तुडवायची, रस मडक्यात आंबवायचा, मग भट्टीवर. खाली मोठं भांडं त्याला भाण म्हणतात, त्यातनं नळी निघून दुसऱ्या मडक्यात, लावणी म्हणतात त्याला, आणि त्या मडक्यावर एक माणूस सतत थंड पाणी ओतत बसलेला. पहिल्या धारेचा उराक, तो परत काढला की फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. सांगायचा मुद्दा, तुझ्या केगचं तत्त्व तेच हाय, खाली उकळ, वर वाफ, बाजूला थंड. त्या ओतणाऱ्या माणसाचं काम तुझी नळी करणार एवढंच.

सीमेवरचा_पक्या
मग त्याच केगात मे महिन्यात काजूपण होऊन जाईल की. गवत संपलं की बोंडं. एक भांडं दोन कामं.

मलप्रभा_टीचर
पक्या, हे गमतीत लिहिलं असशील तरी नीट उत्तर देते, कारण वाचणारी बरीच पोरं असतात.

गोव्यात फेणीला परवाना पद्धत आहे, तिथली गोष्ट तिथं. आपण कर्नाटकात आहोत. इथं १९६५ चा अबकारी कायदा आहे, परवान्याशिवाय दारू गाळणं तर गुन्हा आहेच, पण दारू गाळण्यासाठी म्हणून भांडं, नळी, सामान जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. २००७ च्या जुलैपासून तर सरकारमान्य सारायी, म्हणजे देशी दारूसुद्धा बंद झाली. सीमा ओलांडून चंदगडकडं गेलं तरी सुटका नाही, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. म्हणून रानवाटच्या केगात गवताशिवाय काही जाता कामा नये. बिल, लागवडीचे फोटो, तेलाच्या बाटल्या सगळं एका जागी ठेव रे बाबा, कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी दारूची वाफ पेट घेते. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, सांध्यातनं गळलेली वाफ खालच्या गॅसच्या जाळापर्यंत पोचली की घर जातं. पाण्याची वाफ भाजते, पण पेटत नाही. एवढा फरक लक्षात ठेवा.

सीमेवरचा_पक्या
बरं टीचर. ऐकलं. मनातनं काढून टाकलं.

दूधवाला_चिकोडी
मला मुळात केगच पटत नाही. दोन इंचाच्या तोंडातनं सात आठ किलो गवत आत कोंबणार कसं आणि शिजलेला चोथा बाहेर काढणार कसा? बोटं घालून? त्यापेक्षा स्टीलचा दुधाचा कॅन घ्या ४० लिटरचा. तोंड रुंद, झाकण जाग्यावर, कडी आयती. आमच्या डेअरीला पोचे आलेले कॅन निघतात. जर्मनचा नको, स्टीलचाच. झाकणाला एक भोक पाडून नळी बसवली की संपलं, ना वेल्डिंगचा खर्च ना त्या स्प्रिंगची भीती.

उद्यमबाग_टर्नर
@दूधवाला_चिकोडी तुमचं बरोबर हाय, नवीन माणसाला कॅन सोपा. पण कॅनचा तळ पातळ, मोठ्या बर्नरवर रोज ठेवला तर वाकतो, आणि पाणी संपलं तर जळतो. केगचा पत्रा जास्त तग धरतो. तोंडाचं म्हणाल तर केगचं तोंड तसंच ठेवायचंच नाही. वरचा घुमट गोल कापायचा, आठ इंचाचं भोक, त्यावर फ्लँजची, म्हणजे बोल्ट लावायच्या रुंद कडेची रिंग वेल्ड करायची, दुसरी रिंग झाकणाला, मधे वाफ अडवायला गॅस्केटची चकती, आठ बोल्ट. कापताना केगात काठोकाठ पाणी भरून मग वरचं थोडं काढायचं, म्हणजे आत गॅस राहायला जागाच उरत नाही.

वेल्डिंग आर्गॉन गॅसचंच करून घे. साध्या काडीनं केलास तर आतनं गंज धरतो. आणि आर्गॉनवाल्याला सांग की आतल्या बाजूनं पण गॅस सोड, नाहीतर शिवणीच्या मागं साखरेसारखी काळी खरखरीत खपली पडते, तिथं चोथा अडकून कुजतो. बरेच जण ऐकत नाहीत, दिसत नाही म्हणून सोडून देतात. तू शेजारी उभा राहून करून घे.

शहापूरची_मावशी
आमच्या माडीवर सासूबाईंचा तांब्याचा पाण्याचा बंब पडून हाय. आमच्याकडं पाहुणे आले की पहाटे चारला बंब पेटायचा. त्यात नाही का होणार तेल? आतून कल्हई करून घ्यायची.

मलप्रभा_टीचर
मावशी, कनौजला अत्तर आजही तांब्याच्या देगेतच काढतात, देग म्हणजे खालचं भांडं, भपका म्हणजे वाफ थंड होते ते भांडं, मधे बांबूची नळी, सांधे मुलतानी मातीनं लिंपलेले. म्हणजे तांबं चालतंच. पण तुमच्या बंबात मधोमध जाळाची नळी असते, गवत ठेवायला जागाच नाही. आणि जुन्या डागकामात शिसं असू शकतं. तो बंब घासून दारात ठेवा, त्याची शोभा तिथंच.

रानवाटनं विचारलेलं तेलाचं सांगते. गवती चहाच्या तेलात मुख्य असतं सिट्रल, ७० ते ८० टक्क्यांपर्यंत. सिट्रल एकटं उकळायचं तर २२० अंशांच्या वर जावं लागतं, मग आपल्या भट्टीत कसं निघतं? पाण्याची वाफ आणि तेलाची वाफ दोघी मिळून हवेच्या दाबाला पुऱ्या पडतात, म्हणून पाण्याच्या उकळण्याच्या जरा खालीच दोन्ही एकदम निघतात. त्यात आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, इथं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांलाच उकळतं. थर्मामीटर बसवलास आणि शंभर दिसलं नाही तर तो बिघडला म्हणून फेकू नकोस.

ताज्या गवताच्या वजनाच्या ०.३ ते ०.५ टक्के तेल निघतं. पावसाळ्यातल्या पाणीदार गवताला कमी, उन्हं खाल्लेल्या गवताला जास्त. तुझ्या केगात सात किलो बसलं तर वीस ते तीस मिली धर. औषधाच्या छोट्या बाटलीएवढं. अपेक्षा तेवढीच ठेव.

चंदगडी_काजू
सात किलोला एक औषधाची बाटली 😮 वास मात्र गावभर जाणार.

निपाणी_पाटील
थंड करायच्या भागाबद्दल कुणीच बोलत नाही, खरी भट्टी तिथं फसते. मी शेतघरावर निलगिरीच्या पाल्याचं केलं होतं गेल्या उन्हाळ्यात. तांब्याची अर्ध्या इंचाची नळी, एसीवाल्याच्या दुकानात गुंडाळीच मिळते, सहा मीटर, ती २०० लिटरच्या ड्रममधे गोल बसवली. हिशोब असा की भांड्यात दोन किलोवॉट उष्णता खरोखर आत जात असेल तर तासाला तीन लिटर पाण्याची वाफ होते. ती वाफ पाणी होताना सगळी उष्णता ड्रमला देते. २०० लिटरचा ड्रम तासाला नऊ दहा अंशांनी तापतो. सकाळी पाणी २४ अंशांचं असलं तर दोन तासांत ४२-४३. तिसऱ्या तासाला नळीच्या टोकातनं वाफच यायला लागली आणि माझं अर्धं तेल हवेत गेलं. म्हणून एक घाणा झाला की ड्रम रिकामा करून परत भरायचा, आणि ते गरम पाणी बागेला. विहिरीचं पाणी चालू ठेवता येत असेल तर तासाला ६०-७० लिटरची बारीक धार खालनं आत, वरनं बाहेर.

नळीचा उतार सलग पाहिजे. मधे कुठं झोळ पडला की पाणी साचतं आणि वाफ गुळगुळ करत थांबून थांबून येते.

उद्यमबाग_टर्नर
पाटील पक्कं बोलले. त्यात माझी एक भर. भांडं आणि नळीचं टोक यांच्यामधे कॉक, व्हॉल्व्ह काही म्हणजे काही लावू नको. वाट कायम मोकळी. गवताचा तुकडा उडून तोंडाशी अडकू नये म्हणून झाकणाच्या भोकाखाली स्टीलची जाळी. तरीपण झाकणावर कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बसव. आणि नळीचं टोक खालच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, गॅस बंद केलास की आतली वाफ बसते आणि तेच पाणी उलट ओढून घेते.

वाळा_आणि_मी
मधेच विचारतेय, याच भट्टीत वाळ्याचं तेल निघेल का? आमच्या कणकुंबीच्या घरामागं ओढ्याला वाळा माजलाय, आजी माठात जुडी टाकायची.

मलप्रभा_टीचर
निघेल, पण तुझा अंत बघेल. गवती चहाचं तेल दीड दोन तासांत संपतं, वाळ्याच्या मुळांना अठरा वीस तास आणि त्याहून जास्त लागतात. शिवाय गवती चहाचं तेल पाण्याहून हलकं, वर तरंगतं. वाळ्याचं तेल जवळपास पाण्याएवढंच जड, ना धड वर येत ना खाली बसत. पहिल्यांदाच करणाऱ्यानं त्याच्या नादाला लागू नये. मुळं खणली की ओढ्याचा काठ ढासळतो ते वेगळंच. माठात जुडी टाकत राहा.

दूधवाला_चिकोडी
हे शेवटचं वाक्य आमच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली टीचर शहाणी हाय.

रानवाट_खानापूर
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचं ऐकून केलं, जिथं ऐकलं नाही तिथं फटका बसला, तेपण सांगतो.

काकांनी सांगितल्यासारखं हवा सोडली, दोन दिवस ठेवला, तरी दुसऱ्या दिवशी दाबल्यावर थोडी फुस्स झालीच. त्या आवाजानं अंगावर काटा आला. पाणी भरून घुमट कापला, आठ इंचाची फ्लँज, आर्गॉनवाल्याशेजारी उभा राहिलो, तो दोनदा म्हणाला जावा चहा पिऊन या, मी हललो नाही. तळापासून सहा इंचांवर भोकाची ताटली ठेवली तीन पायांवर, खाली १२ लिटर पाणी, वर गवत. गवत आदल्या संध्याकाळी कापून पडवीत पसरलं होतं, सुकून मऊ पडतं मग दाबून जास्त बसतं, बोटभर तुकडे करून सात किलो गेलं. पहिल्यांदा नुसतं पाणी आणि व्हिनेगर घालून एक तास वाफ काढली, नवीन नळीतनं हिरवट पाणी आलं ते फेकून दिलं.

चूक केली ती गॅस्केटमधे. दुकानदार म्हणाला सिलिकॉनचं घ्या, कुकरलापण तेच असतं. पहिल्या घाण्यातच ते तेलाच्या वाफेनं फुगलं, कडेनं मऊ बटाट्यासारखं बाहेर आलं आणि सगळीकडनं फुसफुस. त्या गॅस्केटला आज पंधरा दिवस झाले तरी गवती चहाचा वास हाय, म्हणजे तेवढं तेल त्यानंच पिलं. पहिल्या घाण्याला १४ मिली मिळालं. आई चुलीपुढं बसली होती, ती उठली, कणीक मळली आणि झाकणाच्या कडेनं पुरणपोळीला लावावी तशी दाबून बसवली. दोन मिनिटांत भाजून कडक झाली, फुसफुस बंद. दुसऱ्या घाण्याला टेफ्लॉनची चकती घातली आणि वरनं आईची कणीकपण ठेवलीच.

तेल वेगळं करायला काचेची उभी बरणी घेतली, तिच्या तळाशी नळी लावून ती बाहेरनं वर वाकवून आणली, बरणीच्या काठापेक्षा दोन बोटं खाली. वरनं तेलपाणी पडतं, पाणी तळाच्या नळीतनं आपोआप बाहेर वाहतं आणि तेल वर जमत जातं. पहिली दहा मिनिटं नुसतं दुधाळ पाणी. मग बघता बघता पिवळी कड दिसायला लागली, आधी केसाएवढी, तासाभरानं बोटाएवढी. आम्ही घरातली सगळी त्या बरणीभोवती खाली बसलो होतो, कुणी बोलत नव्हतं.

दुसरा घाणा २६ मिली.

निपाणी_पाटील
वा! २६ म्हणजे मस्त निघालं. ड्रमचं पाणी किती तापलं?

रानवाट_खानापूर
@निपाणी_पाटील तुमचा हिशोब तंतोतंत. दोन तासांनी हात जेमतेम बुडवता येत होता. आईनं त्याच पाण्यानं अंघोळ केली.

उद्यमबाग_टर्नर
पोरा, आनंद झाला. फ्लँजचे बोल्ट गरम असताना आवळू नको, गार झाल्यावर समोरासमोरचे आवळ. आणि दर दहा घाण्यांनी आतली शिवण टॉर्च लावून बघ.

शहापूरची_मावशी
आईचं नाव बाटलीवर लाव हो. कणीक तिची हाय.

चंदगडी_काजू
त्या बरणीतनं जे पाणी वाहून गेलं ते टाकलंस का? त्यालापण वास असणार की.

मलप्रभा_टीचर
टाकू नकोस. तेच गवती चहाचं अर्कपाणी. फरशी पुसायला, गोठ्यात शिंपडायला वापर, माश्या जरा लांब राहतात. आणि शिजलेला चोथा वाळवून पुढच्या घाण्याला जाळ म्हणून घाल, गॅसचा खर्च वाचेल. तेल गडद बाटलीत, काठोकाठ भरून, गारव्यात. प्लॅस्टिकमधे नको. लोखंडाचा स्पर्श नको, काळपट पडतं. पुढच्या लागवडीला लखनौच्या सीमॅप या सरकारी संशोधन संस्थेची कृष्णा जात मिळाली तर बघ, तेलासाठीच काढलेली आहे, त्यांचं केंद्र बेंगळुरातपण आहे.

सीमेवरचा_पक्या
मी येऊ का पुढच्या रविवारी बघायला? गवत कापायला हात देतो. आमच्यापण बांधावर लावायचं म्हणतोय, गवे आमच्याकडंपण येऊलालेत.

रानवाट_खानापूर
ये की. पहाटे सहाला ये, दव असेपर्यंत कापून होतं, उन्हात पानाच्या धारेनं हात कापतात. फुल्ल बाह्यांचा शर्ट घालून ये. ठोंबंपण काढून ठेवतो, जाताना पंचवीस घेऊन जा.